सातव्या बुडाचे आकडे

आमच्या मळ्यात विहिरीच्या काठाला लागून एक लांबलचक हौद होता. पंचवीस फूट लांब, दोन हात रुंद आणि मांडीएवढा खोल. आजोबांनी तो भाजी धुवायला बांधला होता. पहाटे आई आणि दोन बायका त्यात कोथिंबिरीच्या, मेथीच्या जुड्या बुचकळून काढत, पाटीत रचत आणि ओलं फडकं टाकून पंचवटीच्या बाजाराला पाठवत. उजाडेपर्यंत हौद मोकळा व्हायचा. पाण्यावर तुटकी पानं तरंगत राहायची आणि सगळ्या मळ्याला कोथिंबिरीचा वास असायचा. त्या वासानं लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं म्हणे. मला तो अजूनही नकोसा होतो. मंडईत मी कोथिंबीर घेते ती नाक बाजूला करून, आणि भाजीवाली म्हणते, "मावशी, ताजीच हाय, वास घेऊन तर बघा." तिला काय सांगणार, कपाळ?

मखमलाबादच्या अंगाला आमचा तो मळा. नाना, म्हणजे माझे वडील, ओझरला विमानाच्या कारखान्यात लाकडी साचे करायचे. धातूचा भाग ओतायचा तर आधी तो लाकडात हुबेहूब घडवावा लागतो, ते त्यांचं काम. यंत्रांच्या घरघरीत आयुष्य गेल्यामुळे त्यांना कमी ऐकू यायचं आणि म्हणून घरात आम्ही सगळेच ओरडून बोलायचो. नव्या माणसाला वाटायचं भांडण चाललंय. त्यात डोक्यावरून एखादं विमान चाचणीला गेलं की आई परातीत भाकरी थापता थापता हात उचलून थांबायची, आवाज ओसरला की पुन्हा थापायची. मळा सगळा आईच्या जिवावर. शेवंती, झेंडू, पालेभाज्या आणि उन्हाळ्यात टोमॅटो. माझ्याहून आठ वर्षांनी मोठा दादा या दोघांच्या मधोमध लोंबकळत होता, कारण तो दोन्हीकडे नापास झाला होता. त्याला लाल आणि हिरवा हे दोन रंग वेगळे दिसत नसत. टोमॅटो तोडायला पाठवला की अर्धी पाटी कच्ची आणायचा. आई म्हणायची, "माझ्या पोटी असं कसं बेणं निपजलं, याला पिकलेलं कळत नाय न् कच्चंबी कळत नाय." हे ती हसून म्हणायची. पण नानांचंच काम आयटीआयमध्ये पहिल्या नंबरानं शिकून दादा ओझरच्या कारखान्यात गेला आणि डोळ्यांच्या तपासणीत त्याला ठिपक्यांच्या पुस्तकातला एकही आकडा दिसला नाही, त्या दिवसापासून आई हे वाक्य बोलायची बंद झाली. मग रेल्वेतही तेच झालं. लाकडाला रंग लागत नाही, बोटं लागतात, हे नानांनी चारचौघांना सांगून पाहिलं. नियम तो नियम.

जहाजाचं वेड त्या रिकाम्या दिवसांत शिरलं. नानांचे एक सोबती परदेशी प्रशिक्षणाला जाऊन आले होते, त्यांनी मुलासाठी आणलेला, खेळण्यातलं जहाज लांबून चालवायचा रेडिओचा संच मुलानं महिन्याभरात बिघडवला. तो नानांनी दादाला आणून दिला. एक डबा, त्याला दोन दांड्या आणि लांब तार. दुसरा छोटा डबा जहाजात बसवायचा. दादानं तो उघडून, पुसून, पुन्हा जोडून चालता केला. तारांचे रंग ओळखायला मला शेजारी बसवायचा. "ही कोणती, नंदे?" "हिरवी." "आणि ही?" "लाल रे!" मग तो तारांना गाठी मारून ठेवायचा, हिरवीला एक, लालला दोन. समुद्र आमच्या घरात कुणीच पाहिलेला नव्हता. पण काठावर बसून दांडी हलवली की हौदातलं लाकूड वळतं, हे पाहून आजूबाजूच्या मळ्यांतली माणसं कामं टाकून यायची. दादाला मात्र दोन-चार दिवसांतच त्या वळण्याचा कंटाळा आला. त्याला प्रश्न पडला तो वेगळाच. मोटर तीच, बॅटरी तीच, मग एक जहाज सुळकन् का जातं आणि दुसरं पाणी ढकलत का बसतं? तेव्हापासून तो फक्त खालचा भाग करायला लागला, वर ना डोलकाठी ना खोल्या. त्या खालच्या भागाला पुस्तकात हल म्हणतात, आमच्या घरात त्याला बूड म्हणत. आई बाजारात विचारणाऱ्यांना सांगायची, "आमचा अरविंद व्हय? बुडं तासतो."

ती तपासायची रीत त्यानं स्वतः काढली होती आणि अजूनही मला ती थोर वाटते. बुडाच्या नाकाला बारीक दोरा बांधायचा. हौदाच्या विहिरीकडच्या टोकाला शिलाई मशीनची रिकामी रिळी खिळ्यावर फिरती बसवलेली. दोरा तिच्यावरून नेऊन त्याला आईच्या तराजूतलं पन्नास ग्रॅमचं पितळी वजन टांगायचं आणि ते विहिरीत सोडायचं. वजन खाली जाईल तसं बूड पुढे ओढलं जाणार. मोटर आज जोरात, उद्या हळू अशी चालते. वजन कधी दमत नाही, असं दादा म्हणायचा. हौदाच्या कडेला चुन्याच्या दोन खुणा होत्या, मध्ये अठरा फूट. तो बूड सोडायचा आणि नाक पहिल्या खुणेवर आलं की "हं!" ओरडायचा. मी दुसऱ्या खुणेपाशी पालथी पडून, माझ्या शाळेतल्या खेळाच्या बाईंचं घड्याळ हातात घेऊन. "हं" ऐकलं की दाबायचं, नाक माझ्या खुणेवर आलं की पुन्हा दाबायचं. मग आकडा ओरडून सांगायचा, तो वहीत लिहायचा. प्रत्येक बूड दहा वेळा. पावसाळ्यात विहीर भरली की वजन लगेच पाण्याला टेकायचं, म्हणून हे काम फक्त शिमग्यापासून मिरगापर्यंत चालायचं. दोरा तुटून आईची तीन वजनं विहिरीत गेली. "माझ्या वजनांना जलसमाधी दिली मेल्यानं, आता शेवंती काय दगडानं जोखू?" म्हणत तिनं खरंच एक दगड घासून पन्नास ग्रॅमचा केला.

अशी सहा बुडं झाली. त्यात चौथं सगळ्यात चांगलं. रुंद, बसकं, दिसायला अगदी ढब्बू, पण दहाही वेळा नऊ सेकंदांच्या आसपास. दादाला ते आवडायचं नाही. त्याच्या मनात एक लांब, निमुळतं, मासोळीसारखं बूड होतं आणि पुस्तकातल्या चित्रांत तशीच असतात. अशातच नानांनी कारखान्यातून एक कागद आणला. मुंबईच्या एका गोदीत, मोठं जहाज बांधण्याआधी त्याची छोटी प्रत करून पाण्यात तपासणारा विभाग होता. तिथे दोन हुशार कारागीर हवे होते. प्रत्येकानं आपल्या हातानं आखलेलं आणि घडवलेलं बूड आणायचं, मोटर आणि रेडिओ ते देणार, सगळ्यांना सारखा. तलावात चालवून दाखवायचं. सोबत तपासणीची वही आणायची. शरीर तपासणीच्या रकान्यात रंगांबद्दल चकार शब्द नव्हता. नानांनी तो कागद मला दोनदा वाचायला लावला, मग स्वतः वाचला. वयाची अट होती, दादाचं वय पुढच्या वर्षी ओलांडणार होतं. "बघ अरविंदा," नाना म्हणाले, "हे तुझ्यासाठीच काढलंय कुणीतरी." आमच्या घरात असं बोलायची पद्धत नव्हती. आई उठून देवापुढे साखर ठेवून आली.

सातवं बूड करायला त्यानं दीड महिना घेतला. शिवणीच्या लाकडाच्या पातळ फळ्या एकावर एक चिकटवून, तासून, काचेनं खरवडून, शेवटी नानांनी आणि त्यानं मिळून तळहातानं मेण चोळलं. इतकं गुळगुळीत की आईनं हात फिरवून म्हटलं, "बाळाच्या गालावानी झालंय रे." त्या दीड महिन्यात त्याचं जेवण उडालं होतं. ताट समोर यायचं, तो भाकरीच्या कडेनं भाजीत रेघा ओढत बसायचा. तो जेवला नाही की आई जेवत नसे, आई जेवली नाही की नाना अर्ध्यावर उठत, आणि मी एकटी बोक्यासारखी खात बसे याची मला लाज वाटे. सहाव्या बुडाचे आकडे वाईट आले होते तेव्हा तर तीन दिवस चुलीवरचं पिठलं तसंच ओतून द्यावं लागलं होतं. म्हणून सातवं पाण्यात सोडलं त्या सकाळी मी घड्याळ धरून पालथी पडले होते ती देवाचा धावा करत. पहिल्या वेळी साडेनऊ. दुसऱ्या वेळी साडेनऊला एक ठिपका, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग, कमी. चौथ्या बुडाहून हळू. पाणी दोन्ही बाजूंनी नाकापाशी चढत होतं, मला पालथ्यानं ते स्पष्ट दिसत होतं. मी आकडा ओरडले आणि पलीकडे दादाचा चेहरा पाहिला.

तिसऱ्या वेळी नाक खुणेपासून वीतभर लांब असताना माझा अंगठा दाबला गेला. 'दाबला गेला' असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. मी दाबला. नऊ आणि एक ठिपका. त्याचा चेहरा किंचित सुटला. चौथ्या वेळी अजून जरा आधी. पाचव्या वेळी नऊ झाले तेव्हा तो म्हणाला, "पाणी स्थिर व्हायला लागलं वाटतं." सहाव्या, सातव्या वेळी मी त्याच्याकडे बघायची आणि त्याला जेवढं हवंसं दिसायचं तेवढं द्यायची. दहाव्याला साडेआठ. त्यानं वही मिटली, विहिरीच्या कठड्याला हात टेकून उभा राहिला आणि वजन वर ओढता ओढता ओरडला, "नाना! सातवं बसलं!" नानांना ऐकू गेलं नाही, आई धावत जाऊन त्यांच्या कानात ओरडली. त्या दुपारी दादानं तीन भाकऱ्या खाल्ल्या, वांग्याचं भरीत दोनदा घेतलं, आणि आईनं माझ्या ताटात लोण्याचा गोळा जास्त टाकला. मी तो खाल्ला. चौदा वर्षांची होते, असं म्हणून मी सुटू शकते, पण चौदाव्या वर्षी मुलीला अर्धा सेकंद म्हणजे काय ते कळतं. मला वाटलं, एवढ्यानं काय होतंय. इतकं सुंदर बूड, तलावात ते जाईलच.

नंतरचे पंधरा दिवस आमच्या घरातले सगळ्यात सुखाचे दिवस होते, हे लिहिताना मला स्वतःचा राग येतो, पण होते. आई भाजी धुताना गुणगुणायची. नाना कारखान्यातून आले की दादा कुठे राहील, डबा कुठला लावेल याच्या गोष्टी चालायच्या. चौथ्या बुडाची कुणाला गरज राहिली नाही. आईनं विचारलं, "हे घेऊ का रं?" आणि अंगणात नेऊन त्यात कोंबड्यांना पाणी ठेवलं. रुंद, बसकं, अजिबात न कलंडणारं. कोंबड्यांची चांगली सोय झाली.

आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं सातवं बूड फुलांच्या पाटीत ठेवून दादा, नाना आणि मी एसटीनं निघालो. घड्याळ मी धरलं होतं म्हणून दादानं मला हट्टानं सोबत घेतलं होतं. कसाऱ्याचा घाट उतरताना प्रत्येक वळणाला तिघांचेही हात पाटीवर जायचे. तलाव ठाण्याकडचा होता. तिथे पंधरा-वीस जण आले होते, काहींची जहाजं रंगवलेली, चकचकीत. आमचं नुसतं लाकडाचं. पण दादानं लुगडं सोडलं तेव्हा दोन-तीन जण वाकून बघायला आले आणि एकानं हात फिरवून शीळ घातली. मला वाटलं, जिंकलो. मग गोदीच्या माणसानं मोटर बसवली, रेडिओ दादाच्या हातात दिला आणि दादानं दांडी पुढे केली. सातवं बूड काठापासून निघालं आणि त्याच्या नाकापाशी पाणी चढलं. हौदात चढलेलं तेच पाणी. जितकी मोटर जोर करी तितकं नाक पाण्यात घुसे आणि मागचा भाग वर येई. दादा दांडी कमी-जास्त करत राहिला. पलीकडच्या तरंगत्या बोयापर्यंत जाऊन यायला त्याला इतका वेळ लागला की त्याच्यानंतरचा उमेदवार आपली पाळी विसरून गप्पा मारत उभा होता. शेवटून दुसरा नंबर.

तरीही सगळं गेलं नव्हतं. तपासणारे साहेब म्हातारे होते, डोक्याला पांढरी टोपी, पायजम्याच्या कडा ओल्या. त्यांनी दादाला जवळ बोलावलं. बूड उलटं करून तळव्यावर तोलून पाहिलं आणि म्हणाले, "हात कुणाचा? तुमचाच? असा हात मी दहा वर्षांत बघितला नाही." नाना ते ऐकायला पुढे झाले, त्यांना ओठांवरून कळलं असावं. साहेब म्हणाले, "पळालं नाही ते सोडा. पळवायला आम्ही आहोत. मला माणूस हवा तो नीट मोजणारा. वही आणलीय?" दादानं वही दिली. इतकी स्वच्छ वही, प्रत्येक बुडाचं पान, पेन्सिलीनं आखलेले रकाने, दोरा कुठला, वजन कुठलं, हवा कशी. साहेब पानं उलटत मान हलवत होते. पहिलं, दुसरं, तिसरं. चौथ्याच्या पानावर थांबले. "हे का नाही आणलंत?" "सातवं त्याच्याहून वेगानं गेलं, साहेब." त्यांनी सातव्याचं पान काढलं. बोट वरून खाली गेलं, पुन्हा वरून खाली. मग त्यांनी चष्मा काढला.

"हे आकडे या बुडाचे नाहीत," ते म्हणाले.

"याचेच आहेत साहेब."

"बाकीच्या पानांवर बघा. दहा आकडे, काही वर, काही खाली. असंच असतं. इथे दर वेळी थोडं थोडं सुधारत चाललंय." त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. "माणूस सरावानं सुधारतो. लाकूड शिकत नाही."

दादाला ते नीट कळलं नव्हतं, मला कळलं होतं. तो म्हणाला, "मी नाही साहेब, घड्याळ माझ्या बहिणीच्या हातात होतं. ती कधी चुकत नाही. विचारा तिला." आणि तो माझ्याकडे वळला. हसत. त्याला वाटलं, आता मी सांगेन आणि गैरसमज मिटेल. साहेबांनीही माझ्याकडे पाहिलं. अगदी मायेनं विचारलं, "काय गं बाळ, नाक खुणेवर आल्यावरच दाबायचीस ना?"

नाना माझ्या ओठांकडे बघत होते.

"हो," मी म्हणाले.

इतकंच. एक अक्षर. त्यावेळी 'नाही' म्हटलं असतं तर तो नीट मोजणारा माणूस ठरला असता, फार तर त्याची बहीण मूर्ख ठरली असती. साहेबांनी वही मिटून दादाला परत दिली आणि मुलाला समजवावं तशा स्वरात म्हणाले, "हरलेलं चालतं आमच्याकडे. वही खरी लागते." मग ते पुढच्या माणसाकडे गेले. मी आयुष्यभर शाळेत शिकवलं, शेकडो मुलांना खरं बोलण्याबद्दल कानपिचक्या दिल्या, आणि दर वेळी त्या तलावाचा काठ माझ्या डोळ्यांपुढे होता. खेळांच्या दिवशी मुख्याध्यापक घड्याळ पुढे करत, मी ते घेत नसे. दृष्टी कमी झालीय, असं सांगायची.

एसटीनंच परत निघालो. इगतपुरीला नाना तीन चहा घेऊन आले. बाहेरूनच खिडकीत वाकून दादाला म्हणाले, आणि ते कमी ऐकणाऱ्या माणसाचं कुजबुजणं असल्यामुळे सगळ्या गाडीनं ऐकलं, "तू वही लिहिलीस ती खरीच ना रं?" दादानं कप त्यांच्या हातात परत दिला.  घरी पोचलो तेव्हा आई हौदापाशी उभी होती. आमचे चेहरे पाहून तिनं पाटी उतरवून घेतली आणि म्हणाली, "पाय धुवा. कढी-खिचडी टाकलीय."

दादानं मला कधी विचारलं नाही, कारण माझ्यावर शंका घ्यायचं त्याच्या मनातच आलं नाही. हेच मला सगळ्यात जास्त सोसलं नाही. चार दिवसांनी त्याच्या डोळ्यांत पुन्हा चमक आली. "नंदे, मला कळलं काय झालं ते! हौद अरुंद आहे. भिंती पाण्याला फुगू देत नाहीत, म्हणून आतले आकडे वेगळे आणि तलावातले वेगळे. त्याचा हिशोब निघेल." त्यानं तो हिशोब मांडायला घेतला. कुठल्यातरी वाचनालयातून इंग्रजी पुस्तक आणलं, कोश घेऊन शब्द शब्द लावला. हौदाची रुंदी, खोली, बुडाचा फुगवटा, यांवरून किती सेकंद लागतील ते काढायचं. पहिल्या सहा बुडांना त्याचं सूत्र चपखल बसलं. सातव्याला बसेना. त्यानं सूत्र बदललं, मग सातवं बसायचं आणि बाकीची सहा मोडायची. सगळा पावसाळा तो ओसरीवर कागद घेऊन बसला होता. मी समोर अभ्यासाचं पुस्तक उघडून बसायची आणि मनातल्या मनात वाक्य जुळवायची. दादा, मी आधी दाबलं. चार शब्द. पाऊस थांबला की सांगू, म्हटलं. दसऱ्याला सांगू, म्हटलं. दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी त्यानं सगळे कागद गोळा करून पाणी तापवायच्या बंबात घातले. आईनं विचारलं, "झालं का रं गणित?" तर तो म्हणाला, "माझं डोकं या कामाचं नाय, आई." पहिल्यांदाच तो तिच्यासारखं बोलला. रडला असता तर बरं झालं असतं. मग उठून तो गवारीला पाणी धरायला गेला.

त्याचं म्हणणं चूक होतं. त्याच्या डोक्यात काही खोट नव्हती, सूत्र बरोबर होतं. नाशकातला भाजीवाल्यांचा पोरगा, ज्यानं समुद्र पाहिला नव्हता, त्यानं भाजी धुवायच्या हौदाकाठी बसून ते स्वतः शोधलं होतं. हे जगात फक्त मला माहीत होतं. पुढे तो टोमॅटोसाठी लाकडी खोकी ठोकायच्या कारखान्यात लागला आणि तिथूनच निवृत्त झाला. त्याचं लग्न झालं, मुलं झाली, वाईट दिवस कुणाचे आले नाहीत. पण त्यानं कधी कुठली गोष्ट पुन्हा मोजली नाही. मुलांची उंचीसुद्धा भिंतीवर खुणा करून वहिनीच मोजायची. नाना गेले तेही मनात तो प्रश्न घेऊनच गेले, वही खरी होती की नाही. विहीर बुजली, मळ्यावर बंगले झाले, घर आणि तीन गुंठे राहिले.

परवाच्या भाऊबीजेला गेले होते. दादा आता सत्तरीच्या घरात आहे. त्याच्या नातीनं ऑनलाइन मागवलेली रिमोटची बोट अंगणात प्लॅस्टिकच्या टबात गरगर फिरवायला घेतली होती. लाल रंगाची. "आजोबा, बघा किती फास्ट!" दादा पायरीवर बसून बघत होता. म्हणाला, "हिचं बूड अगदीच सपाट आहे. आमचं चौथं असंच होतं." सत्तेचाळीस वर्षांत त्याच्या तोंडून तो विषय आला नव्हता. ओवाळून झालं होतं, तबक माझ्या मांडीवर होतं. मी सांगून टाकलं. जुळवून ठेवलेलं वाक्य आठवलं नाही, कसंबसं सांगितलं. सातव्याला मी आधी दाबत होते. तलावावर खोटं बोलले. तुझं गणित बरोबर होतं.

तो बोटीकडेच बघत होता. मला वाटलं ओरडेल, आणि खरं सांगते, मी त्याचीच वाट बघत होते.

"सगळ्यांना की सातव्यालाच?" त्यानं विचारलं.

"सातव्यालाच."

"किती आधी?"

"अर्धा सेकंद. कधी जास्त."

त्याची बोटं गुडघ्यावर हलत होती, वरून खाली, रकान्यातून फिरावीत तशी. त्याच्या चेहऱ्यावर ती जुनी चमक येते आहे असं मला क्षणभर वाटलं. "दर वेळी सारखंच दाबायचीस?"

"नाही," मी म्हणाले. "तुझं तोंड बघून."

बोटं थांबली.

"सारखं असतं," तो म्हणाला, "तर वजा करता आलं असतं."

मग त्यानं नातीला हाक मारून सांगितलं की खेळून झालं असेल तर टबातलं पाणी झाडांना घाल, वाया घालवू नकोस. आणि भिंतीला धरून उठून तो आत गेला.